मांडीआडची खूण

बेलफोर्ड, ओहायो
शनिवार, २२ ऑगस्ट १८९१

प्रिय विनी,

तू सुखरूप पोहोचली असशील, छापखान्यात पुन्हा रुजू झाली असशील, आणि तुझ्या दोघी मैत्रिणी मजेत असतील असं धरून चालतो. इथे सगळं ठीक आहे. उकाडा आहे. घरमालकीण मिसेस हूपर तुझी रोज आठवण काढते. "एवढी गोड तुमची बहीण, आणि तिच्याशी बोलायला हातांच्या चार खुणा मला येत नाहीत," असं म्हणत असते.

अक्षर वाईट आहे, सांभाळून घे. मधलं बोट आणि करंगळी लेखणी नीट धरूच देत नाहीत. चौदा वर्षांत तुला मी पाच-सहा पत्रं लिहिली असतील. गरजच कधी पडली नाही. वर्षातून दोनदा भेटायचो आणि तीन दिवस हात थांबायचे नाहीत. बोटं मोडल्यापासून बार्ट बोबडा झालाय, अशी चेष्टा तू करायचीस. आता त्याच बोबड्या हातानं लिहितोय.

बेसबॉल संघाचं म्हणशील तर आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत. सतरा सामने उरलेत. मालक खूश आहेत. पुढच्या मोसमात तू नुसता मॅनेजर राहा, बॅटवाल्यामागची कॅचरची जागा तरुणाला दे, असं मालक म्हणतात.  सदतीस हे काही वय नाही. मी सुरुवात केली तेव्हा हातमोजे नव्हते, छातीवर कवच नव्हतं, तोंडात फक्त रबराचा तुकडा धरायचा. दात सांभाळले की बाकीचं देवानं बघावं. सामना संपला की तू परातीत मिठाचं पाणी करून माझे हात त्यात बुडवून ठेवायचीस, आणि हात पाण्यात म्हणजे मला बोलता यायचं नाही. तेव्हा तू एकटीच बोलायचीस आणि मी ऐकायचो. त्या संध्याकाळी सुखाच्या होत्या.

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारच्या सामन्याबद्दल काही लिहायला हवं. तू होतीस, पण पहिल्या बेसच्या बाजूच्या बाकांवर होतीस, तिथून नीट दिसलं नसेल. म्हणून सांगतो.

सातवा डाव होता. पाइक्सबर्गचा थिओ ड्रेसल बॅट घेऊन उभा. त्याला प्लेटवर वाकून उभं राहायची खोड होती, छाती जवळजवळ प्लेटच्या वर, जिथून चेंडू जायचा तिथेच. त्या दिवशी आमच्या ऑरिनचे दोन चेंडू त्यानं कुंपणापर्यंत मारले होते. ऑरिन बॅब बावीस वर्षांचा आहे, शेतकऱ्याचा पोर, पण त्याच्याएवढा जोरात चेंडू टाकणारा पिचर या भागात दुसरा नाही. हवा दमट होती, हात घामेजलेला. चेंडू निसटला. ड्रेसल आत वाकला. कानाच्या वर लागला.

तो आवाज तुला ऐकू आला नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. मिसेस हूपर टेबलावर बशी ठेवते तेव्हाही मला तो ऐकू येतो.

पंच म्हणाला, चेंडू लागला, बेस घे. ड्रेसल पहिल्या बेसकडे दोन पावलं चालला. मग वळून त्यानं मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "माझी टोपी कुठाय?" मी उचलून दिली. त्यानं ती डोक्यावर नीट बसवली, पुढचं टोक ओढून सरळ केलं आणि खाली बसला. उंबऱ्यावर बसतो ना माणूस, तसा. मी चेंडू उचलला, पँटला पुसला आणि ऑरिनकडे परत फेकला.

हे मला अजून समजत नाही, विनी. माणूस खाली बसलेला, आणि मी चेंडू पुसून परत फेकला. त्याला उचलून नेल्यावर आम्ही उरलेला सामनाही खेळलो. पाच विरुद्ध तीन. जिंकलो.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांच्या घरी त्यानं प्राण सोडला. मरणाच्या चौकशीला सहा माणसं बसली. न्हावी, खोगीर करणारा, असेच गावातले. मला विचारलं. मी मॅनेजर, शिवाय त्याच्या पाठीमागे चार फुटांवर बसलेला, तेव्हा माझंच ऐकणार. मी म्हणालो, चेंडू निसटला. ऑरिनला विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कप्तान म्हणतात तसंच." त्यांनी अपघात असं लिहून घेतलं. वीस मिनिटांत सगळं आटपलं.

गेल्या शनिवारी स्टेशनवर मी तुला काही सांगत होतो. गाडी यायला वेळ होता. तू डोळे मिटून घेतलेस, आणि गाडी येईपर्यंत मिटूनच उभी राहिलीस. ऊन अगदी समोरून येत होतं, त्याचा त्रास झाला असेल.

दोन ओळी लिहून पाठव. प्रकृतीचं तरी कळव.

तुझा
बार्ट


बेलफोर्ड
रविवार, ६ सप्टेंबर

प्रिय विनी,

उत्तर आलं नाही. कामाची गर्दी असेल असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

ऑरिन संघ सोडून गेला. त्या सामन्यानंतर त्यानं आमच्यासाठी दोनदा चेंडू टाकायचा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला चेंडू प्लेटच्या अलीकडेच मातीत पडला. दुसऱ्या खेपेला हात खांद्याच्या वर उठेनाच. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, हाड ठीक, स्नायू ठीक. बाकांवरून कोणी तरी 'खाटीक' म्हणून ओरडलं. मग दहा जण ओरडले. आमच्याच गावचे लोक, बरं का. ऑरिननं चेंडू माझ्या हातात आणून दिला आणि तसाच, त्याच कपड्यांत, स्टेशनकडे चालत गेला. त्याची ट्रंक माझ्या खोलीत राहिली.

परवा शुक्रवारी त्याचा बाप ती न्यायला आला.

साठीचा माणूस. लांब दाढी, मिशी नाही, काळी रुंद कडांची टोपी. बाप्तिस्म्याच्या त्या साध्या पंथातली माणसं आहेत ती. शपथ घेत नाहीत, कोर्टात जात नाहीत, लढाईत गेली नाहीत. मुलगा खेळून पोट भरतो हे मुळातच त्यांना पसंत नव्हतं. खुर्ची दिली तर बसला नाही. ट्रंकेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही सगळ्यांत जवळ होतात. मला खरं काय ते सांगा."

मी म्हणालो, चेंडू निसटला.

त्यानं ट्रंकेवरचा हात काढला. मग म्हणाला, "मग तो मला का म्हणतो, निसटला नाही म्हणून?"

 मी विचारलं, आणखी काय म्हणाला? बाप म्हणाला, "आणखी काही नाही. एवढंच. निसटला नाही, टाकला. का टाकलास विचारलं तर गप्प. घरी आल्यापासून आमच्या पंगतीला बसत नाही. खळ्यात जेवतो." वीस तारखेला त्यांच्या पंथाची मंडळी निवाड्याला बसणार आहे. ऑरिन सगळ्यांपुढे उभा राहणार, आणि त्यानं माणूस मारला असेल तर त्याला मंडळीतून बाहेर काढणार. आईबापांनीसुद्धा मग त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. म्हातारा म्हणाला, "मी त्याच्या बाजूनं बोलू शकलो असतो. पण काय बोलू? मला तो खुनी वाटत नाही. आणि तो खोटं बोलत नाही."

मी काय केलं असेल? ट्रंकेचं एक कडं मी धरलं, एक त्यानं, आणि आम्ही दोघांनी ती जिन्यावरून खाली नेली. गाडीत चढवून दिली. मी म्हणालो, पोर हळवं आहे, होईल ठीक. त्यानं माझे आभार मानले.

आता लिहितो.

तुला शेजारच्या डोलनबाईची बदकं आठवतात? आईच्या परसातले बटाटे उकरायची ती. तू आठ वर्षांची, मी सहाचा. अजून तू बहिऱ्यांच्या शाळेत जायची होतीस, शाळेतल्या खुणा आपल्याला ठाऊक नव्हत्या, ज्या होत्या त्या आपल्याच घरच्या. अंगठा मुठीत दाबायचा आणि करंगळी दोनदा झटकायची: हुसकव. ती खूण तू काढलीस. मी पळत जायचो आणि बदकांच्या पुढ्यात ढेकळं मारायचो. त्यांना लागू नये असा नेम धरून.

कॅचर झाल्यावर मला पिचरशी बोलायला खुणा हव्या होत्या. उजव्या मांडीआड हात ठेवायचा, तिसऱ्या बेसकडून मोज्यानं झाकायचा. समोरच्या संघांनी आमच्या खुणा फोडायला काय काय केलं, दुर्बिणी आणल्या, पण एकाला जमलं नाही. वर्तमानपत्रात आलं होतं, बार्ट टूहीच्या खुणा त्याच्या कबरीत त्याच्याबरोबर जातील. त्या सगळ्या आपल्या परसातल्या होत्या. हळू चेंडूला आजीची खूण. बाहेरच्या चेंडूला फाटकाची. आणि बॅटवाला प्लेटवर फार वाकला की: हुसकव. चेंडू टोपीच्या टोकाशी टाकायचा. तो दचकून मागे होतो, पुढच्या चेंडूला लांबच उभा राहतो, आणि बाद होतो. चौदा वर्षांत ही खूण मी शेकडो वेळा दिली असेल. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्या गुरुवारी मी ती दिली. ऑरिननं चेंडू निसटू दिला नाही. मी सांगितलं तिथे त्यानं तो टाकला. ड्रेसल मागे व्हायच्या ऐवजी आत आला, एवढंच काय ते देवाच्या हातचं.

पहिल्या बेसच्या बाजूनं माझी मांडी उघडी असते. त्या मैदानात दोन हजार माणसं होती. माझी वाकडी करंगळी वाचता येणारं माणूस त्यांच्यात एकच होतं. स्टेशनवर ऊन माझ्या पाठीशी होतं, विनी. तुझ्या तोंडावर माझी सावली होती.

तू डोळे मिटलेस तेव्हा मला कळलं की तुला कळलंय. इतक्या वर्षांत तू माझ्यावर रागावलीस, रुसलीस, एकदा वेताची छडी मोडलीस माझ्या पाठीत, पण माझं बोलणं कधी बंद केलं नव्हतंस. ऐकणाऱ्या माणसांना हे समजणार नाही. तू डोळे मिटलेस की मी जगात उरतच नाही.

मी हे तुला सांगितलं. आता थोडं हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाही.

बार्ट


बेलफोर्ड
बुधवार, ३० सप्टेंबर

प्रिय विनी,

तुझं पत्र पोहोचलं. एकच ओळ. 'मी पाहिलं ते मला लिहून कळवू नकोस, त्या बापाला सांग.' दिवसभर ते कोटाच्या खिशात घेऊन हिंडलो. दुपारी सामना होता. माझ्या हातून तीन चेंडू सुटले.

शनिवारी, एकोणीस तारखेला मी निघालो. सोमवारी घरच्या मैदानावर सामना होता, मालकांना सांगितलं नाही. रात्र वाटेतल्या गावी काढली आणि रविवारी सकाळी त्यांच्या प्रार्थनाघरी पोहोचलो. साधी पांढरी इमारत, ना घंटा ना क्रूस. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. ऑरिन पुढच्या बाकावर एकटा बसला होता. इतका वाळला होता की मानेवरून मला ओळखू आला नाही, खांद्यांवरून आला.

त्यांचे वडीलधारे, बंधू येगर म्हणून आहेत, त्यांनी विचारलं, बाहेरच्या माणसाला इथे काय काम? मी म्हणालो, तुम्ही ज्याचा निवाडा करताय ते काम माझं आहे. मग मी सांगितलं. खुणा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. खेळच ठाऊक नाही त्यांना. मला बदकांपासून सुरुवात करावी लागली. सत्तर-ऐंशी माणसं ऐकत होती. मी हात वर करून ती खूण त्यांना दाखवली. पहिल्यांदाच उघड्यावर दाखवली. एवढीशी गोष्ट होती ती, विनी. एवढंसं बोट.

ऑरिन उठून उभा राहिला. म्हणाला, "कप्तान खूण देतात हे खरं आहे. पण चेंडू माझ्या हातात होता. त्यांचा दोष नाही."

बंधू येगरांनी त्याला शांतपणे विचारलं, "पिचरला नाही म्हणता येतं का?"

"येतं. मान हलवायची."

"मग तू का नाही हलवलीस?"

ऑरिन गप्प राहिला. खाली बघत राहिला. त्याला मी ओळखतो, तो खोटं बोलत नाही, आणि खरं बोलून मला बुडवतही नव्हता. तेवढा वेळ त्यानं मला दिला होता. मी त्या वेळात गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. खूण मी दिली हे तर सांगून झालंच होतं, सगळ्यांच्या नजरेत मी भला माणूस झालो होतो.

मी म्हणालो, "त्यानं हलवली होती."

मागच्या पत्रातसुद्धा मी तुला हे लिहिलं नाही. तू पाहिलं होतंस, तरी लिहिलं नाही. ऑरिननं मान हलवली. मी तीच खूण पुन्हा दिली. मॅनेजरनं दुसऱ्यांदा दिलेली खूण म्हणजे हुकूम. आणि ड्रेसल वाकून उभा होता म्हणून मी ती दिली नव्हती. मैदानात येताना त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं होतं आणि हसत म्हणाला होता, "काय म्हातारबा, बोटं मोजायला घेतलीत तर पाचापर्यंत पोहोचता का हो?" एवढंच. वाईट मनानं नाही. मैदानावर याहून घाण बोललं जातं, मी स्वतः बोलतो. पण त्याच सकाळी मालकांनी तरुण कॅचरचं नाव काढलं होतं. मला ते झोंबलं. मला त्याला दचकलेला बघायचा होता.

हे सगळं मी त्या माणसांपुढे बोललो. बोलताना माझाच आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.  मग म्हातारा बॅब आपल्या जागेवरून उठला, पुढच्या बाकापाशी गेला आणि मुलाच्या शेजारी बसला. खांद्याला खांदा लावून. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मंडळीनं ऑरिनला ठेवून घेतलं.

बाहेर आल्यावर म्हातारा म्हणाला, "गाडी चारला आहे. जेवून जा." गेलो. ऑरिन टेबलाशी बसला होता, आईच्या शेजारी. त्यानं पाव माझ्याकडे सरकवला. तो पुन्हा खेळणार नाही, हात अजून वर जात नाही, गवत डाव्या हातानं ओढतो. निघताना मी त्याला काही म्हणणार होतो तर म्हणाला, "नको कप्तान. पुरे झालं."

तिथून मी दुसऱ्या दिवशी पाइक्सबर्गला गेलो. ड्रेसलची बायको धुणं वाळत घालत होती. नाव सांगितल्यावर तिनं चिमटे टोपलीत टाकले आणि उभ्यानंच सगळं ऐकलं. खूण, दुसरी खूण, तो विनोद, सगळं. मला वाटलं होतं रडेल किंवा मारेल. ती म्हणाली, "पाच आठवडे मी एका चेंडूवर राग धरून होते. चेंडूचं काय, तो कुणाचा नसतो. आता मला तुमचा चेहरा दिलात. तो घेऊन मी काय करू?"  ती म्हणाली, "आणि तो विनोद. घरीसुद्धा असंच बोलायचा तो. मला हसू येतंय, आणि ते तुमच्यासमोर येतंय." आणि खरंच हसली. मग तिनं चादर झटकली, दोरीवर टाकली, आणि ती चादरीच्या पलीकडे गेली. मी बराच वेळ थांबलो. ती परत अलीकडे आली नाही.

इकडे परत आलो तर मालकांच्या हातात माझी कबुली छापलेलं वर्तमानपत्र होतं. ते म्हणाले, सगळं मिटलेलं असताना तुला कोणी विचारलं होतं? मला काढून टाकलंय. आता कोणताही संघ घेणार नाही. सरकारी वकिलाकडे मी स्वतः गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "करंगळी हलवल्याचा गुन्हा आमच्या पुस्तकात नाही, टूही. घरी जा." मी त्याच्या दारातच उभा राहिलो. कोणी तरी मला काही तरी करेल असं मी धरून चाललो होतो. एक माणूस मेला, आणि ते माझ्या बोटानं झालं, आणि मी घरी जायचं.

सोमवारपासून नदीकाठच्या कोळशाच्या वखारीत कामाला लागलोय. हात त्याला पुरेसे आहेत.

क्षमा मागत नाही. ती तुझ्या हातची नाही, आणि जिच्या हातची आहे ती चादरीमागे गेली. तुझ्याकडे कोलंबसला येऊ का, हेही विचारत नाही. उत्तराची वाट पाहणार नाही, असं लिहून पत्र संपवणार होतो, पण ते खरं नाही.

वाट पाहतोय.

तुझा भाऊ,
बार्थोलोम्यू टूही